दीड तास, दीड गुण

वसमत रोडच्या हॉटेलात, पहिल्या मजल्यावर,
कुणाच्या तरी लग्नाच्या बॅनरचे खिळे भिंतीत तसेच होते,
त्यांनाच आमचा पडदा लावला.
एप्रिलचा शुक्रवार. कूलर बंद केला की माणसं उठतात,
चालू ठेवला की माझा आवाज पोचत नाही.
बावीस आर्किटेक्टांनी नाव नोंदवलेलं, आले चौदा.
आधी सही, मग चहा, शेवटी पुन्हा सही.
दुसरी सही नसेल तर प्रमाणपत्र नाही, हे मी तीनदा सांगतो
आणि तिन्ही वेळा शाळेतल्या शिपायासारखा वाटतो स्वतःला.

मान्यताप्राप्त सत्र. विषय: काळ्या मातीतले पाये.
नियम असा, की कंपनीचं नाव पहिल्या स्लाइडवर आणि शेवटच्या.
मधल्या बेचाळीस स्लाइडींत
जे विकायला आलो ते तोंडातून निघता कामा नये.
सोयरिकीला आलेला माणूस आधी पीकपाण्याचं बोलतो,
तसं मी मातीचं बोलतो.
पाणी प्याली की फुगते. वैशाखात आकसते,
कोपरापर्यंत हात जाईल इतकी फाकते.
कापूस तिच्यावर खूश, भिंत नाही.
"बनी तो बनी," मागून कुणीतरी म्हणालं.
"नहीं तो परभणी," बाकीच्यांनी पुरं केलं.
हा हशा मी सतराव्या स्लाइडला धरूनच चालतो.

स्लाइड एकोणीस. उदाहरण क्रमांक दोन.
निवासी इमारत, तळमजला.
गाव नाही, मालक नाही, नकाशा कुणाचा ते नाही.
मोरपंखी भिंत, आणि तिच्यावर खालून निघून
पायरी-पायरीनं खिडकीकडे चढणारी भेग.
मी लेझरचा लाल ठिपका तिच्यावरून फिरवला
आणि दरवेळचं म्हणालो:
पाया उथळ घेतला. ही चूक टाळता आली असती.
तिसऱ्या रांगेत कानडखेडकरांनी वही मिटली.

जेवणात नसरीनबाईंनी विचारलं, दीडचे दोन नाही का करता येत?
एकाचं नाव यादीत चुकलं होतं, एकाला लवकर निघायचं होतं.
हात धुऊन, रुमाल घडी करत कानडखेडकर आले.
"एकोणीस नंबरचं घर माझंय.
म्हणजे राहत नाही मी. काढलंय.
पाथरी रोडला, आरसुळे मास्तरांचं."
मी काहीतरी बोललो, बहुधा सॉरी.
"नाही नाही, बरोबर सांगायलाव तुम्ही.
पाच फुटांवर थांबलो. मास्तरांचे पैसे संपत आलते
आणि मला वाटलं, मुरूम लागला.
वाटलं."
मग भातावर वरण वाढून घ्यावं इतक्या सहज:
"फोटो मात्र जुनाय तुमचा.
खिडकी ओलांडून वर गेलीय ती आता.
सालात दोनदा जातो मी, मृगाच्या आधी अन् दिवाळी झाल्यावर.
टोकाला पेन्सिलीनं तारीख टाकून येतो.
मास्तर गेले. बाई चहा करतात,
भिंतीचं काही बोलत नाहीत."
त्यांनी माझंच पेन मागून दुसरी सही केली.
नावापुढच्या रकान्यात मी लिहिलं: १.५

रात्री नांदेडला, खोलीवर, लॅपटॉप उघडला.
चित्र ताणलं, दाणे दिसेपर्यंत.
भेगेच्या टोकाशी जो इतकी वर्षं मला डाग वाटत होता
ते आकडे होते. २-६-११.
वीतभर खाली आणखी एक, पुसट. त्याखाली अजून.
जिथं जिथं ती थांबली होती तिथं तिथं
कुणीतरी वाकून हजेरी घेतलेली.

पुढच्या शुक्रवारी जालना.
'टाळता आली असती' हे वाक्य मी टिपणातून खोडलं.
मग आठवलं, मंजूर मजकुरात बदल चालत नाही,
बदलला तर गुण रद्द, सगळ्यांचेच.
परत लिहिलं.